नांगरयादीतला अकरावा माणूस

माझ्या मामीकडे बोडीखालची पावणेदोन एकर धानाची बांधी आहे. बोडी म्हणजे पावसाचे पाणी अडवणारे लहान तळे. ही बांधी कागदावर वनखात्याची आहे आणि कसते मामीचे घर. मामीच्या मुलाने, देवरावने, तिच्यावर वनहक्काचा दावा केला. आम्ही ढिवर, आदिवासी नाही. अशा दावेदाराला कायद्याप्रमाणे तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. देवरावने अर्जात लिहिले की आपल्या आजोबांचे वडील, बुधा, याच गावात राहत आणि हीच बांधी कसत. समितीने पुरावा मागितला. सुनावणी शुक्रवारी होती. पुरावा आला नाही तर दावा नामंजूर होणार होता.

बुधा माझेही पणजोबा, आईच्या बाजूचे. मी नागपुरात वर्तमानपत्राच्या कचेरीत नोकरी केली, म्हणून कागद शोधायचे काम माझ्याकडे आले. मोहाची फुले गळण्याचे दिवस होते. हा मजकूर परत आल्यावर वहीतल्या टिपणांवरून लिहिला आहे. गाव आरमोरीच्या बाजूला, जंगलाला लागून आहे. त्याला इथे खैरबोडी म्हटले आहे. ते त्याचे खरे नाव नाही.

सोमवार, चंद्रपूर

गडचिरोली हा वेगळा जिल्हा होण्याआधीचे खैरबोडीचे महसुली कागद चंद्रपूरच्या अभिलेख कक्षात आहेत. लाल फडक्यात बांधलेले बस्ते लोखंडी मांडण्यांवर ठेवलेले होते. तिथले मेश्राम बाबू निवृत्तीला आलेले, तोंडाला रुमाल बांधून काम करणारे गृहस्थ. त्यांनी अर्धा दिवस शोधून शंभरएक वर्षांपूर्वीची एक यादी काढून दिली.

खैरबोडीत त्या काळी सारा जमिनीच्या मापावर घेत नसत. नांगरावर घेत. ज्याचा नांगर चालतो त्याचे नाव यादीत. कागद पिवळा पडला होता, पण अक्षर बाळबोध आणि स्वच्छ होते. एकोणीस नांगर, एकोणीस नावे, बैलांची संख्या आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. मी यादी तीनदा वाचली. बुधा नव्हता.

"सापडला नाई म्हणजे मानूस नव्हताच असं नाई, मॅडम," मेश्राम बाबू म्हणाले. "पण समितीपुढं ते बोलून फायदा नाई. कागदावर पायजे."

"याच्यानंतरची यादी?"

"आहे. दुसऱ्या बस्त्यात. तो उद्या-परवा निघते. गुरुवारी या."

मी एकोणीस नावे वहीत उतरवून घेतली. या कामाचा उपयोग काय, हे मला ठाऊक नव्हते. सवयीने केले. उतरवताना जो विचार आला तो इथे नोंदवायला हवा. बातमीत एखाद्या माणसाचे नाव कुठल्याच कागदावर नसेल, तर तो माणूस सांगणाऱ्याने रचलेला असण्याची शक्यता आम्ही आधी धरतो. आजोबांनी ही बांधी पुढे केव्हातरी धरली असेल आणि बुधा हे दाव्यापुरते नाव असेल, असे मला वाटले. देवरावने अर्जावर सही केली होती. खोटी माहिती दिल्यास कारवाई होईल, हे वाक्य त्या सहीच्या वरच छापलेले होते.

मंगळवार, ब्रह्मपुरी ते खैरबोडी

ब्रह्मपुरीपर्यंत बस, तिथून आरमोरीला जीप. आरमोरीच्या बाजारात देवराव मोटारसायकल घेऊन उभा होता. तो पन्नाशीचा आहे, अंगाने सडसडीत, बोलायला मोकळा. त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आधी घड्याळ पाहिले.

"चार वाजले, ताई. उशीर केला जीपवाल्यानं. पाचच्या आत घरी पायजे."

"पाचनंतर काय?"

"पाचनंतर रस्ता आपला नाई."

कारण त्याने रस्त्यात सांगितले. शेजारच्या गावातली एक बाई बारा दिवसांपूर्वी मोह वेचताना गेली. "गेली" हाच शब्द. त्या भागात "मारली" म्हणत नाहीत, आणि कुणी मारली हे तर मुळीच सांगत नाहीत. वनखात्याच्या फलकावर वाघ हा शब्द मोठ्या अक्षरांत होता. देवराव पूर्ण रस्ताभर "जनावर" म्हणत होता. वाकून मोह वेचणारा माणूस जनावराला चार पायांचा दिसतो, असे त्याने सांगितले. मोह वेचणे म्हणजे दोन-तीन तास वाकूनच असणे.

आरमोरीपासून आठ-नऊ किलोमीटरवर डांबर संपते. दोन्ही बाजूंना साग आणि ऐन, खाली वाळलेला पाला. मोहाच्या झाडांखालचा पाला लोकांनी जाळून साफ केला होता, तेवढी काळी वर्तुळे दिसत. वास गोड आणि जड होता. रस्त्यावर आमच्याशिवाय कोणी नव्हते.

नाल्याच्या उतारावर मोटारसायकलची चेन उतरली.

देवरावने गाडी लावली, खाली बसला आणि हात काळे करू लागला. मग मान न उचलता म्हणाला, "ताई, बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीबी. मोठ्यानं. मी खाली बसलो ना. मानसाचा आवाज येत राह्यला पायजे."

मोठ्याने बोलण्यासारखे मला काहीही सुचेना. सत्तावीस वर्षे ज्या माणसाने दुसऱ्यांचे बोलणे लिहून घेतले, त्याला स्वतःचे एक वाक्य जमेना. मी वही काढली आणि सोमवारी उतरवलेली यादी वाचू लागले. नाव, नांगर, बैल. एक ते एकोणीस. संपल्यावर पुन्हा एकपासून. दुसऱ्या फेरीत उजवीकडच्या झुडपात काहीतरी हलले. मी थांबले.

"थांबू नका," देवराव म्हणाला.

मी वाचत राहिले. झुडपातून रानकोंबडी निघाली आणि रस्ता ओलांडून गेली. तिसऱ्या फेरीत चेन बसली. मला तास गेल्यासारखे वाटले होते. त्याच्या घड्याळात अकरा मिनिटे झाली होती.

खैरबोडीत पोहोचलो तेव्हा गाव आत जात होते. नागपुरात ही वेळ फिरायला बाहेर पडण्याची. इथे बाया शेळ्या हाकत होत्या, गोठ्यात नव्हे, घरात. साडेपाचला रस्त्यावर एक कुत्रेही नव्हते. मामीने दार लावून मधला अडसर टाकला आणि मग माझ्याकडे पाहिले.

"वाळली तू," ती म्हणाली. "नागपुरात जेवाले देत नाई काय?"

मामी पंचाहत्तरीची आहे. नऊवारी, कपाळावर गोंदण, हात अजून कामाचे. तिने भात, लाखोळीच्या डाळीचे वरण आणि सुक्या झिंग्यांची चटणी केली होती. एका कोपऱ्यात चटईवर मोह वाळत होता. दुसऱ्या कोपऱ्यात शेळ्या रवंथ करत होत्या.

ताटावर बसल्यावर देवरावने चेनची गोष्ट काढली. "मी मनलं बोला, तं ताईनं जंगलात हजेरी घेतली बापा. एकेकाचं नाव घेऊन. कोणी हजर आहे मनलं नाई म्हणून बरं."

मामीच्या हातातली पळी थांबली. "कोनाकोनाचं नाव?"

"जुन्या मानसाइचे. कचेरीतल्या यादीतले. सगळ्या गावाचे."

"आपल्या गावाचे?"

"हो."

"सगळे वाचले?" हे तिने मला विचारले.

"सगळे," मी म्हटले. "तीनदा."

"कुठी?"

"नाल्यापाशी."

तिने पळी ठेवली. बुधा यादीत नाही, हे मी तिला तेव्हा सांगितले. ती चिडेल किंवा रडेल, असे वाटले होते. तिने ऐकून घेतले आणि उठून अडसर पुन्हा एकदा हाताने चाचपला. त्या दिवशी ती जेवली नाही.

बुधवार, खैरबोडी

सकाळी मामी आणि देवराव भांडत होते. देवरावला मोहाला जायचे होते.

"आज बुधवार," मामी म्हणाली.

"मंग मोहाले सांगू काय, आज पडू नको म्हणून? मी बोडीकडे जातच नाई. दहा जन आहोत आमी. त्या बाजूनं जाऊन राह्यलो."

तो टोपले घेऊन गेला. मी विचारले तेव्हा मामीने एवढेच सांगितले, की या घरातले माणूस बुधवारी बोडीकडे जात नाही. घराचा नेम आहे. त्यामुळे ज्या बांधीसाठी मी आले होते ती बांधीही त्या दिवशी पाहता आली नाही. गावाच्या टोकावरून मामीने ती दाखवली. बोट केले नाही, हनुवटी त्या दिशेला फिरवली. दूर बोडीचा बांध आणि त्यावरची पळसाची झाडे दिसत होती.

मोहाची माणसे आठला परत येतात. आठ वाजले. मामी कुंपणाशी उभी होती. साडेआठला वाटेवर डोक्यावरची टोपली दिसू लागली. मी मोजली, मामीनेही मोजली असावी. नऊ होती.

"देवराव कुठी?" तिने पहिल्या बाईला विचारले.

"मागं होता बाई. झाडाखाली पायाचे ठसे दिसले ना, ताजे. फारेस्टचा गार्ड आला तं त्याले दाखवाले गेला."

"एकटा?"

"गार्ड आहे ना संगं."

बाई निघून गेली. मामी कुंपणाचा बांबू धरून उभी राहिली. तिच्या ओठांची हालचाल होत होती, आवाज नव्हता. मी तिला बसायला सांगितले, पाणी आणले. तिने दोन्ही गोष्टी ऐकल्या नाहीत. पाठीमागच्या जंगलात वानरे खाकरू लागली. हा त्यांचा इशाऱ्याचा आवाज असतो, हे मला माहीत होते. ते माहीत नसते तर बरे झाले असते. आवाज एका झाडावरून पुढच्या झाडावर सरकत गेला आणि थांबला. थांबल्यावर जास्त भीती वाटली. माझ्या वहीत या वेळेची नोंद आहे, नऊ वाजून पाच मिनिटे. अक्षर वाचता येत नाही.

मामी तेव्हा बोलली. माझ्याकडे न पाहता.

"तू काल त्याले हाक मारली."

"कोणाला?"

"नाल्यापाशी. तीनदा."

मला काही कळले नाही. मी विचारणार, इतक्यात वाटेवर देवराव दिसला. बरोबर खाकी कपड्यातला गार्ड होता. टोपले अर्धे रिकामे होते. मामीने त्याला जवळ येऊ दिले आणि मग शिव्या दिल्या. त्या शिव्या इथे देत नाही. गार्ड हसत निघून गेला.

देवरावने हातपाय धुतल्यावर तिने आम्हा दोघांना घरात बसवले आणि दार लावले. बाहेर दहाचे ऊन होते.

"बुधा त्याचं नाव नाई," ती म्हणाली.

हकिगत अशी. माझ्या पणजोबांना बोडीच्या बांधावरून जनावराने नेले. जनावराने नेलेल्या माणसाचे नाव या घरात घेत नाहीत. जंगलात तर नाहीच. घेतले तर त्याला हाक मारल्यासारखे होते, आणि तो एकटा येत नाही. पण घरात माणसाचा उल्लेख तर करावा लागतो. ज्या दिवशी नेले तो बुधवार होता. म्हणून बुधा. त्यांचा मुलगा, म्हणजे माझे आजोबा, तेव्हा रांगत होते. ते बुधाचा मुलगा म्हणूनच वाढले आणि त्यांच्या सगळ्या कागदांवर वडिलांचे नाव तेच लागले. बुधा, सोमा, मंगरू अशी नावे या भागात घरोघरी आहेत. कोणाला शंका यायचे कारण नव्हते.

"मंग खरं नाव?" देवरावने विचारले.

"मले माहीत आहे."

"तुले? बाबाले माहीत नव्हतं अन् तुले कसं?"

"तुझ्या आजीनं सांगतलं. मी लगीन होऊन आली त्या दिवशी, कानात. जे नाव घ्यायचं नाई ते सुनेले आधी सांगा लागते. नाई तं चुकून तोंडातून निघंल ना. तिले तिच्या सासूनं सांगतलं होतं."

"अन् मले पन्नास वर्सं नाई सांगतलं?"

"तुले काऊन सांगू? तू का सून आहेस?"

देवराव हसला. मामी हसली नाही. माझ्या आईलाही हे नाव माहीत नव्हते. तेही आता समजले. लेक दुसऱ्या घरी जाते, तिला सांगत नाहीत. त्या घराचे सर्वांत जुने नाव तीन पिढ्या फक्त बाहेरून आलेल्या बायकांजवळ होते, आणि दावा लिहिला होता पुरुषाने.

देवरावच्या बायकोला माहीत असेल का, असे माझ्या मनात आले. ती बाळंत झालेल्या मुलीकडे गेली होती. मी विचारले नाही.

"मामी, नाव सांगा," मी म्हटले. "यादी वहीत आहे. आत्ता पाहता येईल."

"इथी नाई."

"कागदावर लिहून द्या."

"मले कुठी लिवता येते?" ती म्हणाली. "अन् काल तू वाचले त्याच्यात तो असंल तं झालं ते झालं. मी इथी नाई घेत. नदीच्या पलीकडं चल."

त्या दिवशी तिने देवरावला अंगणाबाहेर जाऊ दिले नाही. तोही गेला नाही. दुपारी तो खाटेवर पडून आढ्याकडे पाहत होता. मध्येच म्हणाला, "ताई, तुमी तीनदाच वाचली ना यादी?"

"तीनदा."

"चौथ्यांदा चालू केली होती. मी चेन पुसून राह्यलो तवा."

मी आठवून पाहिले. चौथ्या फेरीत किती नावे झाली होती, ते आठवले नाही.

गुरुवार, नदीपलीकडे

सकाळी गावातून जीप निघते. आम्ही तिघे निघालो. नाल्याच्या उतारावर मामीने डोळे मिटले आणि डांबर लागेपर्यंत उघडले नाहीत. आरमोरीहून ब्रह्मपुरीच्या वाटेवर वैनगंगेचा पूल आहे. पुलावर तिने एकदा मागे वळून पाहिले. पलीकडे चहाच्या टपरीजवळ तिने जीप थांबवायला लावली.

"देवराव, जाय, चहा सांग."

"मी ऐकलं तं काय होते?"

"जाय."

तो गेला. मामीने माझे डोके खाली ओढले आणि कानात एक शब्द सांगितला. दोन अक्षरांचा, साधा. मी वही उघडली. अकराव्या ओळीवर तो होता. एक नांगर, दोन बैल. शेऱ्याचा रकाना मोकळा.

"आहे?" तिने विचारले.

"आहे."

ती टपरीच्या बाकावर बसली. मंगळवारी माझ्या तोंडून ते नाव नाल्यापाशी किमान तीन वेळा निघाले होते, हे आता दोघींनाही नक्की माहीत होते. देवराव तीन कप घेऊन आला.

"काय निघालं नाव?"

"चहा पी," मामी म्हणाली.

ब्रह्मपुरीत तिच्या बहिणीची मुलगी राहते. मामीला तिथे सोडून मी आणि देवराव चंद्रपूरला गेलो. नाव जुळले होते, पण एवढ्याने काम भागणार नव्हते. अकराव्या ओळीतला माणूस म्हणजेच बुधा, हे कुठे लिहिले होते? सुनेला कानात सांगितलेली गोष्ट पुरावा होत नाही. नंतरच्या यादीत ते नाव पुन्हा जिवंत माणसाचे म्हणून निघाले असते, तर मामीची हकिगतच खोटी ठरली असती. बसमध्ये देवराव दोनदा म्हणाला, "नसंल तं सांगून टाकजा, ताई. लपवू नका." त्याने चार तासांत पाणी सोडून काही घेतले नाही.

मेश्राम बाबूंनी दुसरा बस्ता काढून ठेवला होता. पाने एकमेकांना चिकटली होती. पातळ पट्टी घालून त्यांनी ती एकेक सोडवली. घाई केली असती तर फाटली असती. त्यांनी घाई केली नाही, आणि ते पाहणे कठीण गेले.

खैरबोडीच्या यादीत अकराव्या जागी एका बाईचे नाव होते. पुढे लिहिले होते, अमुकची विधवा. अमुकच्या जागी तोच दोन अक्षरी शब्द. शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात: नवरा वाघाने नेला, नांगर विधवेकडे, बोडीखालची बांधी.

"हे घ्या," मेश्राम बाबू म्हणाले. "जागा बी लिवली आहे. असं कोनी लिवत नाई सहसा. लिवणारा चांगला होता."

देवरावने शर्टाला बोट पुसले आणि ते नावाखाली धरले. कागदाला लावले नाही. त्याने नाव वाचले, पण आवाज काढला नाही. मग विचारले, "हा?"

"हा."

"आईनं सांगतलं तेच?"

"तेच."

तो बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. पाचच्या आधी दोन्ही याद्यांच्या प्रमाणित नकला मिळाल्या. तो मुक्काम आम्ही ब्रह्मपुरीत मामीजवळ केला.

शुक्रवार, सुनावणी

समितीची कचेरी नदीच्या गावाकडच्या बाजूला होती. खोलीत लांब टेबल होते. त्यामागे अधिकारी, दोन सदस्य आणि जबाब टंकणारा लिपिक. आमचा पुकारा साडेअकराला झाला. अधिकारी तरुण होते. त्यांनी नकला नीट वाचल्या, अर्ज वाचला आणि मला अपेक्षित असलेला प्रश्न विचारला.

"अर्जात बुधा आहे. यादीत बुधा नाही. हा माणूस तुमचा, हे कशावरून?"

मी कारण सांगू लागले. त्यांनी हात वर केला. "तुम्ही त्या घरात राहत नाही. तुम्हाला हे नाव कोणी सांगितलं?"

"मामीने."

"मग त्यांचाच जबाब घ्यावा लागेल. आजी, पुढे या. तुमच्या आजेसासऱ्यांचं नाव काय?"

मामी उठली. टेबलामागची खिडकी उघडी होती. बाहेर कुंपण, त्यापलीकडे मोकळी जमीन आणि तिच्या टोकाला झाडांची रांग. मामी त्या रांगेकडे पाहत होती. लिपिकाची बोटे कळफलकावर होती. तिने तोंड उघडले आणि पुन्हा मिटले.

"आजी, नाव सांगावं लागेल," अधिकारी म्हणाले. "नाहीतर मला दावा पुढे पाठवता येणार नाही."

"खिडकी लावता काय, साहेब?"

अधिकाऱ्यांनी तिच्याकडे पाहिले, मग खिडकीकडे. त्यांनी कारण विचारले नाही. उठून स्वतः दोन्ही फळ्या ओढल्या आणि कडी लावली. खोली अंधारली, पंख्याचा आवाज मोठा झाला. मामीने पदर डोक्यावर पुढे ओढला आणि नाव घेतले.

"ऐकू नाही आलं," लिपिक म्हणाला.

देवरावने माझा दंड धरला. त्याच्या बोटांचे वळ दुसऱ्या दिवशीही होते. मामीने नाव पुन्हा घेतले, या वेळी मोठ्याने, शाळेतल्या पोराने हजेरी द्यावी तसे. मग न विचारता पुढे सांगितले: बुधवारी नेला, बोडीच्या बांधावरून, म्हणून बुधा म्हणतो. लिपिकाने टंकले. जबाब नियमाप्रमाणे तिला वाचून दाखवला गेला. त्यात ते नाव चार वेळा आले. प्रत्येक वेळी तिचा खांदा किंचित आखडला. तिने अंगठा लावला. शाई पुसायला कापूस दिला होता, तिने तो घेतला नाही. अंगठा हवेत धरून बाहेर आली.

त्यांना गावी परतायचे होते, मला नागपूरला. जीप अडीचची होती. मामी म्हणाली, उद्या सकाळच्या उजेडात जाऊ. देवराव एरवी हुज्जत घालणारा माणूस, त्याने मान डोलावली. शनिवारी त्याचा फोन येईपर्यंत मी काही काम केले नाही. साडेनऊला फोन आला. पोहोचले होते. नाल्यावर जीप थांबली नाही.

समितीने दावा शिफारशीसह जिल्हा समितीकडे पाठवल्याचे पत्र काही आठवड्यांनी देवरावला मिळाले. अंतिम निर्णय अजून व्हायचा आहे. ती बांधी मी अजून जवळून पाहिलेली नाही.

हे लिहायला घेतले तेव्हा मामीला फोन करून विचारले.

"छापशील तं त्यात नाव टाकशील?" ती म्हणाली.

"नाही टाकत."

"बरं." मागे शेळ्यांचा आवाज येत होता. "पन कचेरीतल्या कागदात तं आहेच ना आता?"

"आहे. जबाबात आहे, दोन्ही नकलांत आहे."

"मंग तिथी राहू दे त्याले," मामी म्हणाली. "तिथी कुठी जंगल आहे."